अभिप्रायवाल्या मॅडम

आमच्या मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या, की बसायच्या आधी बाहेर पडायची वाट शोधायच्या. लग्नाचा हॉल असो, बँक असो, कुणाकडचा सत्यनारायण असो. दार कुठे आहे, दुसरं दार आहे का, खिडकीला गज आहेत का, हे सगळं बघून झालं की दाराजवळची खुर्ची पकडायच्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसायच्या. पर्समध्ये टाल्कम पावडरचा एक छोटा डबा असायचा. नव्या जागी गेलं की खिडकीशी उभं राहून त्या चिमूटभर पावडर हवेत सोडायच्या आणि ती कुठे उडते ते बघायच्या. लोकांना वाटायचं, बाई दृष्ट वगैरे काढतायत. त्या वारा बघत असायच्या.

"कुठं पळायचं ते वाऱ्याला विचारून घ्यावं लागते," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी तोवर माझी खुर्चीसुद्धा पुसली नव्हती.

भोपाळच्या गोविंदपुऱ्यात एका नटबोल्टच्या कारखान्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर मशीन धडधडायचं आणि वर आम्ही वेबसाइट बनवायचो. वडलांची बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून भोपाळला आलो होतो आणि ही माझी पहिली नोकरी. मॅडम साठी ओलांडलेल्या, मूळच्या नागपूरच्या. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा त्यांचे सासरे सरकारी फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आले, आणि पुढे मॅडम त्या घरात लग्न होऊन आल्या. एका खात्यात पत्रकं लिहायचं काम करून निवृत्त झाल्या होत्या. आता बाग सेवनिया भागात एकट्याच राहायच्या आणि बस बदलत रोज ऑफिसला यायच्या. त्यांचं मराठी निम्मं नागपूरचं, निम्मं हिंदी. माझ्या मराठीला हसायच्या. "तू बोलते तर वाटते बातम्या लागल्या," म्हणायच्या.

आम्हा दोघींकडे एकच काम होतं. आसपासच्या कारखानदारांच्या एका संघटनेला वेबसाइट हवी होती: कुठल्या कारखान्यातून गॅस गळला, तर शेजारच्या वस्त्यांतल्या लोकांनी काय करायचं. तीच माहिती चार तऱ्हांनी मांडलेली होती. एक लेख, एक चित्रांची पट्टी, एक व्हिडिओ आणि एक ऐकायची फीत. लोकांना ते दाखवायचं, त्यांचे अभिप्राय गोळा करायचे आणि कुठला प्रकार कामाचा आहे ते ठरवायचं. म्हणून ऑफिसातली पोरं त्यांना आपसात 'फीडबॅकवाली मैडम' म्हणायची. मी घरी मराठीत 'अभिप्रायवाल्या मॅडम' म्हणायचे.

भोपाळमध्ये 'गॅस' हा शब्द लोक वेगळ्या आवाजात उच्चारतात, हे मला इथे आल्यावर कळलं. आमच्या शेजारच्या काकू स्वयंपाकाचा सिलिंडर संपला तरी 'टंकी संपली' म्हणायच्या. अशा गावात दारोदार जाऊन गॅसबद्दलचं पान दाखवायचं, म्हणजे लोकांचे चेहरे बदलताना बघायचे. काहीजण फोन हातात घ्यायच्या आधीच म्हणायचे, "बहुत अच्छा है, बहुत अच्छा." न बघताच. लवकर सुटका व्हावी म्हणून.

मॅडमना हा 'अच्छा' खपत नसे. वेबसाइटवर आधी पाच तारे होते, पण नुसते तारे देणं हा मॅडम अभिप्रायच मानत नसत. त्यांनी ते काढून टाकायला लावले. "आवडलं का, हे जेवायला बोलावलेल्या पाहुण्याले विचारावं," म्हणाल्या. "इथं माणूस जिवंत राहून राहिला का, ते पाहायचं आहे." ताऱ्यांच्या जागी त्यांनी एक रिकामी चौकट ठेवली. तिच्यात लोकांनी काहीही लिहावं, आणि खाली आपला फोन नंबर द्यावा.

समोरासमोर विचारताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "डर लगा?"

माणूस नाही म्हणाला, तर मजकूर नापास. हो म्हणाला, तर दुसरा प्रश्न. "अब क्या करोगे?"

एकदा एका पेन्शनर गृहस्थांना त्यांनी लेख वाचायला दिला. लेखाची सुरुवातच होती: 'गैस का रिसाव होने पर घबराएँ नहीं.' गृहस्थांनी चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचलं आणि मान डोलावली.

"क्या लिखा है?" मॅडमनी विचारलं.

"घबराना नहीं है."

"अच्छा. और?"

"बस. घबराना नहीं है." आणि ते कौतुकाने हसले.

ऑफिसला परत आल्या आल्या मॅडमनी ते वाक्य सगळीकडून काढायला लावलं. "घाबरणार नाही तर उठणार काहून?" म्हणाल्या. "चांगला बसून राहिला असता तो खुर्चीत. समाधानाने मेला असता."

ऐकायच्या फितीचंही तसंच. आमच्या मालकांनी एका मुलीच्या फार गोड आवाजात ती करून घेतली होती. लोकांना वाटायचं बँकेकडून कर्ज घ्या म्हणून फोन आलाय. 'नमस्कार' म्हटल्याबरोबर बंद करायचे. चित्रांच्या पट्टीत एक माणूस तोंडावर ओला कपडा धरून होता. एका बाईने नीट निरखून सांगितलं, याला ताप आलाय. मॅडमनी दर वेळी तेवढ्याच गंभीरपणे मान हलवली. लोकांना त्या कधी हसल्या नाहीत. "त्याले नाही समजलं तर आपलं चुकलं," एवढंच.

त्यांच्याबरोबर फिरून फिरून मला भीती लागली. सर्दी लागते तशी, नकळत. घरी रात्रीचं जेवण चाललेलं असताना मी एकदम उठून मागचं दार उघडतं का ते बघून आले. आई म्हणाली, "काय गं, कोण आलंय?" मी काय सांगणार? कुणी आलेलं नव्हतं. पण आलं तर, असं मला आता सारखं वाटायला लागलं होतं. गोविंदपुऱ्यातले जे पांढरे धूर मी रोज बघायचे, त्यातला कुठला नेहमीचा आणि कुठला नाही, हे आपल्याला ओळखता येणार नाही, या विचाराने मी येताजाता मान वर करून बघत राहायचे.

ऑफिसात सगळ्यांनी धरून चाललं होतं की मॅडमचं जवळचं कुणीतरी तेव्हा गेलं असणार. 'तेव्हा' म्हणजे कधी, ते भोपाळात सांगावं लागत नाही. विचारायची छाती कुणाची नव्हती.

व्हिडिओवर मात्र सगळे खूश होते. मालकांनी तो हौसेने बनवून घेतला होता. कार्टूनमधलं एक कुटुंब, आई, बाबा, दोन मुलं, तोंडाला ओले रुमाल लावून घरातून बाहेर पडतं आणि सुरक्षित जागी पोचतं. खाली संगीत. मॅडमनी तो एका कॉलनीच्या सभागृहात दाखवला. बायका, पुरुष, म्हातारे, हॉल भरलेला. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. संघटनेचे सेक्रेटरी मुद्दाम आले होते. त्यांनी मॅडमकडे बघून, आता तरी पटलं ना, अशा भुवया उंचावल्या.

मॅडम दाराजवळच्या खुर्चीवरून उठल्या. "अच्छा लगा?"

"बहुत अच्छा!"

"ठीक है. समझो अभी गैस की बास आई. उठो, चलो. कैसे जाओगे, दिखाओ."

लोक आधी हसले, मग गंमत म्हणून उठले. हॉलच्या बाहेर पडले आणि जवळजवळ सगळेच्या सगळे उजवीकडे वळले. बोलत, हसत, पदर तोंडाला लावून उजवीकडे चालायला लागले. मी आणि मॅडम पायरीवर उभ्या राहून बघत होतो. उजवीकडे रस्त्याच्या टोकाला कारखान्यांची धुराडी होती.

मॅडमनी एका बाईला थांबवलं. "इधर क्यों जा रही हो?"

बाई गोंधळली. "वो लोग भी इधर ही गए थे ना."

ते लोक म्हणजे कार्टूनमधलं कुटुंब. व्हिडिओत ते पडद्याच्या उजव्या बाजूला पळत गेलं होतं. पडद्याला कुठलीतरी एक बाजू असणारच, एवढंच काढणाऱ्याच्या मनात असणार. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं होतं. समोर ती सगळी माणसं मजेत गप्पा मारत धुराड्यांकडे चालली होती, आणि कुणी हाक मारून थांबवेपर्यंत चालत राहणार होती.

व्हिडिओ रद्द झाला. सेक्रेटरींनी तेव्हापासून मॅडमशी बोलणं तोडलं. जे सांगायचं ते मालकांना सांगायचे.

त्यानंतर काही आठवड्यांनी, फाल्गुनातल्या एका दुपारी, खरोखरच वास आला.

मालक इंदूरला गेले होते. मी डबा खाऊन हात धुवत होते. आधी वाटलं बाथरूमचाच वास आहे. मग डोळ्यांत काहीतरी टोचलं आणि घसा आवळला. खाली मशीन बंद पडलं. इतक्या महिन्यांत ते दुपारी बंद झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मग जिन्यावर पळणारे पाय आणि कुणीतरी ओरडलं, "बर्फ वाली फैक्ट्री में फूट गया! अमोनिया है!"

ऑफिसातली पोरं खाली धावली. मीही पर्स उचलली. मॅडम खिडकीशी होत्या. पावडरचा डबा त्यांनी इतक्या घाईने उघडला की निम्मी पावडर साडीवरच सांडली. उरलेली त्यांनी हवेत सोडली. पांढरा ढग आमच्यापासून लांब, मागच्या बाजूला गेला.

"आपल्याकडे नाही येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "मागं चालला. वस्तीवर."

बर्फाच्या कारखान्यामागे एक वस्ती होती. अरुंद गल्ल्या, पत्र्याची घरं. महिन्यापूर्वीच तिथे आम्ही घरोघर जाऊन पान दाखवलं होतं.

"मॅडम, चला ना," मी म्हणाले. माझा आवाज रडका झाला होता.

"तू जा. मेन रोडकडून जा, डावीकडून." आणि त्या खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या. दाराकडे पाठ करून. त्यांना दाराकडे पाठ करून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि कशी कोण जाणे, मला जाता येईना.

वेबसाइटवर माणसं येत होती. रोज चारदोन टाळकी फिरकायची तिथे एकामागून एक पान उघडलं जात होतं. आणि अभिप्रायाच्या त्या रिकाम्या चौकटीत लोक लिहायला लागले होते. चौकटीवर प्रश्न होता, 'यह पन्ना काम आया?' खाली उत्तरं येत होती. 'हाँ.' 'जल्दी खुलता नहीं.' 'किधर जाएँ पानी की टंकी के पास रहते हैं.' 'आँख जल रही है.' 'मम्मी फोन नहीं उठा रही.' मॅडम एकेकाला फोन लावत होत्या. टंकीजवळ आहेस तर शाळेच्या बाजूला जा. डोळे पाण्याने धू, चोळू नको. वाऱ्याला आडवा चाल. दुसऱ्या फोनवरून मी लावत होते आणि त्या सांगतील ते सांगत होते. भीती होतीच, पण हाताला काम असल्यावर ती जरा बाजूला सरकून बसते.

तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना हात मोकळे हवे होते.

"मैडम, साइट फौरन बंद करवाइए. लोग घबरा रहे हैं. छोटी सी लीकेज है, कंट्रोल में है."

"आप कहाँ से बोल रहे हैं?"

"मैं घर पर हूँ. उससे क्या?"

"तो घर पर रहिए," मॅडम म्हणाल्या आणि फोन कापला.

मग ते एक वाक्य आलं. मला ते अजून जसंच्या तसं दिसतं. 'पन्ना अच्छा है. पर ससुर जी चल नहीं सकते उनका क्या करें.' खाली नंबर.

मॅडमनी आमची सगळी पानं स्वतः पुन्हा लिहून काढली होती. ओला कपडा, वाऱ्याची दिशा, कुठल्या रस्त्याने जायचं. चालताच न येणाऱ्या माणसाबद्दल त्यात एक ओळ नव्हती. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग फोन लावला.

पलीकडे एक तरुण बाई होती. शकुन, असं नाव सांगितलं. मागे कल्ला ऐकू येत होता.

"बेटा, अंदर वाले कमरे में जाओ," मॅडम म्हणाल्या. "खिड़की बंद. दरवाज़े के नीचे गीला कपड़ा ठूँस दो, ज़रा भी फाँक न रहे. ससुर जी को खाट पर ही रखो, ज़मीन पर मत उतारना. सबके मुँह पर गीली चादर. समझी?"

"जी. मेरी गुड़िया भी है."

"उसको भी. और अब बोलना मत बिल्कुल. साँस बचाओ. मैं हूँ."

फोन बंद झाला. मॅडम उठून खिडकीशी गेल्या आणि पुन्हा पावडर सोडली. पावडर कुठेच गेली नाही. हळूहळू, सरळ खाली, खिडकीच्या कठड्यावर येऊन बसली.

वारा पडला होता.

वारा पडला म्हणजे जे वस्तीवर गेलं होतं ते वस्तीवरच थांबणार होतं. हे मला कळायला थोडा वेळ लागला. मॅडमना आधीच कळलं होतं. त्यांनी शकुनचा नंबर लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. मधल्या मधल्या वेळात त्या दुसऱ्यांशी बोलायच्या, त्यांना नीट सगळं सांगायच्या, आणि मग पुन्हा तोच नंबर. बाहेर बंबांचे भोंगे वाजत गेले. फॅक्टरीवर पाण्याचे फवारे सुरू झाल्याचा आवाज आला. तो नंबर काही उचलला जाईना.

"मी बरोबर सांगितलं ना वं?" त्यांनी मला विचारलं.

"हो मॅडम. बरोबरच सांगितलंत."

"तू हो म्हणू नको. तुले काय माहीत." मग हलक्या आवाजात, "मी आत कोंडलं त्यांना."

ऊन उतरलं तेव्हा पोलिसांनी रस्ता उघडला. मॅडम माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. एरवी त्यांना दुचाकीची धास्ती होती. वस्तीच्या तोंडाशी बंब उभे होते आणि रस्ताभर पाण्याचे लोट. लोक नाकाला कपडे लावून परतत होते. कुणाच्या तरी शेळ्या ओळीने आडव्या पडल्या होत्या. लोकांना विचारत विचारत शकुनच्या गल्लीशी पोचलो. तिला एकच तोंड होतं, पुढे भिंत. अशा गल्लीत मॅडम कधी शिरायच्या नाहीत; पान दाखवायला आलो होतो तेव्हाही मलाच आत पाठवून त्या बाहेर थांबल्या होत्या. आता त्या माझ्या पुढे चालत होत्या. जवळजवळ धावत.

घर एकाच खोलीचं. दार बंद होतं. खालच्या फटीत निळ्या साडीचं कापड कोंबलेलं. मॅडमनी दार ठोठावलं. आतून काही नाही. परत ठोठावलं. "शकुन! बेटा!" आतून काही नाही. मॅडमनी दाराला हात टेकले आणि कपाळही टेकलं. मी मागे उभी होते आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की हे दार कुणी उघडू नये, आतलं मला दिसू नये.

मग खालचं निळं कापड हललं. हळूहळू आत ओढलं जायला लागलं.

शकुनने दार उघडलं. डोळे लालभडक, तोंडाला ओली ओढणी. मागे खाटेवर म्हातारा ओल्या चादरीखाली खोकत होता आणि त्याच्या कुशीत एक लहान पोरगी टक्क जागी पडली होती.

"फोन क्यों नहीं उठाया?" मॅडम जवळजवळ ओरडल्या.

"आपने ही तो कहा था," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बोलना मत."

मॅडम उंबऱ्यावर बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. शकुनने त्यांना तांब्यातून पाणी दिलं. दारं-खिडक्या उघडल्या. जरा दम खाल्ल्यावर मॅडमनी पर्समधून फोन काढला. "बेटा, तू ज़रा बोल दे, क्या क्या किया तूने. तेरी आवाज़ में ही डालेंगे. जिनके घर में कोई चल नहीं सकता, उनके काम आएगा." आणि त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं.

शकुनने कपड्याचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं. मॅडम मान डोलावत होत्या.

"और इससे पहले? शुरू से बता. बास आई तब क्या किया?"

"तब तो मैं निकल गई थी," शकुन म्हणाली. "गुड़िया को उठाके. सब भाग रहे थे. मैं भी नुक्कड़ तक निकल गई, बड़े रोड पे. वहाँ बास नहीं थी."

"फिर?"

"फिर वहीं खड़े खड़े आपके पन्ने पे लिखा. कि इनका क्या करें. आपका फोन आया, आप बोलीं अंदर वाले कमरे में जाओ. तो मैं अंदर आ गई."

मॅडमचा हात फोन धरलेला तसाच राहिला. त्यांनी शकुनला सगळं सांगितलं होतं. आत्ता तू कुठे उभी आहेस, एवढं विचारलं नव्हतं. ती मोकळ्या हवेत उभी होती, पोरीला कडेवर घेऊन, आणि मॅडमच्या शब्दावर पोरीसकट त्या धुरात परत आली होती.

खाटेवर म्हाताऱ्याचा खोकला थांबला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. शकुनच्याही ते आत्ता लक्षात आलं, आणि तिने मान खाली घातली.

"आ गई," म्हातारा छताकडे बघत म्हणाला. "आ तो गई."

मॅडमनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि आमच्यादेखत पुसून टाकलं.

त्या संध्याकाळी मी त्यांना बाग सेवनियाला घरी सोडायला गेले. त्यांनी मला वर बोलावलं. दोघीही खिडकी उघडून बसलो आणि बराच वेळ नुसत्या श्वास घेत राहिलो.

"ऑफिसात सगळ्यांना वाटते ना, का माझं कोणी गेलं तेव्हा?" त्या एकदम म्हणाल्या. "सासूबाई गेल्या. मी नव्हते इथं. नागपूरले होते, बाळंतपणाला. घरी मिस्टर आन् सासूबाई, दोघंच. मिस्टर वाचले. सासूबाई घरातच सापडल्या."

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मी मिस्टरांना किती वर्षं विचारलं. तुम्ही कुठून गेले? आई कुठं होत्या तेव्हा? उठवलं का त्यांना? ते चपला घालायचे आन् बाहेर निघून जायचे. मी परत विचारायची. मला वाटायचं, सांगतील तर मोकळे होतील. ते वारले तोपर्यंत विचारलं मी." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आज त्या पोरीनं सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं. म्हातारा ऐकत होता."

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी मॅडमनी आमच्या सगळ्या पानांच्या आधी एक प्रश्न घातला: 'आप अभी कहाँ हैं?' खाली दोन बटणं, घराच्या आत आणि घराच्या बाहेर. उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. चालू न शकणाऱ्यांसाठी एक वेगळं पान त्यांनी लिहिलं आणि चार घरी जाऊन तपासून आणलं. साइट बंद केली नाही म्हणून संघटनेने राग धरला आणि महिन्याभरात काम दुसऱ्यांना दिलं. त्यांनी चौकट काढून तारे परत आणले, पण तो पहिला प्रश्न काढला नाही. बहुधा काढायची तसदी कुणी घेतली नसेल. मॅडमनी नोकरी सोडली. मीही पुढे दुसरीकडे लागले.

थंडीत शकुनचा सासरा वारला. वय झालं होतं, छाती आधीपासूनच कमजोर होती. शकुनने मॅडमना कळवलं आणि मॅडमनी मला. आम्ही दोघी भेटायला गेलो. खोलीत शेजारच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मॅडम आत, अगदी खाटेच्या जागेजवळ, शकुनच्या शेजारी जाऊन बसल्या.

बोलता बोलता गोष्ट गळतीच्या दुपारवर आलीच. एक जाडजूड बाई शकुनकडे रोखून बघत म्हणाली, "लोग बोलते हैं तूने बचाया उनको. पर उस दिन तो मैंने तेरे को नुक्कड़ पे देखा था. बच्ची को लेके भाग रही थी तू. है ना?"

शकुन जमिनीकडे बघत होती. तिच्या हातातली ओढणी ती पिळत होती, सोडत होती. सगळ्या बायका तिच्या उत्तराची वाट बघत होत्या.

"कोई और होगी," मॅडम म्हणाल्या.

"नहीं मैडम, मैंने अपनी आँखों से..."

"उस दिन आँखें सबकी जल रही थीं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मैं फोन पर थी इसके साथ. शुरू से. ये घर में ही थी."